झाशीचे स्थलदर्शन : खडक, तट आणि ग्रंथ

मुंबईहून दिल्लीकडे जाणारी आगगाडी घाट चढून वर आली की कित्येक तास प्रवाशाच्या दृष्टीस काळा खडक पडत असतो. हा खडक आपल्या ओळखीचा आहे. सह्याद्रीचे कडे, रायगडाचा माथा, वेरूळची लेणी ही सारी याच काळ्या कातळाची. माळवा ओलांडून गाडी ललितपूरच्या पुढे गेली म्हणजे मात्र देखावा पालटतो. सपाट माळावर मधूनच गुलाबी व करड्या रंगाच्या गोलसर शिळा वर आलेल्या दिसतात. कोठे त्या एकट्या असतात, तर कोठे कोणी एकावर एक रचून ठेवाव्यात तशा उभ्या असतात. या खडकास भूशास्त्रज्ञ बुंदेलखंड ग्रॅनाइट असे म्हणतात. याच खडकाच्या एका टेकडीवर झाशीचा किल्ला उभा आहे.

झाशीचे नाव उच्चारताच मराठी वाचकास राणी लक्ष्मीबाईचे स्मरण होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्यामुळे असे घडते की, प्रवासी किल्ल्यावर जातो, राणीने घोडा फेकला म्हणून दाखवितात ती जागा पाहतो, तोफेजवळ क्षणभर थांबतो आणि परत फिरतो. वस्तुतः या शहरात तीन सत्तांनी एकीवर एक आपले थर चढविले आहेत. बुंदेले, मराठे आणि इंग्रज या तिघांच्याही खुणा येथे एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. त्या वेगळ्या ओळखता येणे हेच खरे स्थलदर्शन होय.

अशी थरांची शहरे जगात इतरत्रही आहेत. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर कुस्को हे शहर आहे. ते इंका साम्राज्याची राजधानी होते. १५३३ मध्ये स्पॅनिश शिपायांनी ते घेतले आणि इंकांच्या वाड्यांच्या व मंदिरांच्या भिंती कायम ठेवून त्यांवरच आपली घरे व चर्चे चढविली. आज कुस्कोच्या एखाद्या गल्लीत उभे राहिले असता कमरेपर्यंत इंकांची भिंत व वर स्पॅनिशांचा सज्जा असे दृश्य दिसते. झाशी समजून घेण्यास या दूरच्या शहराचे आपणांस चांगले साहाय्य होईल. म्हणून या पुस्तिकेत आपण झाशीतून फिरू आणि मधून मधून कुस्कोकडे दृष्टी टाकू.

टेकडीचा खडक

प्रथम पायाखालचा खडक पाहू. आपल्याकडील काळा पाषाण म्हणजे ज्वालामुखीच्या भेगांतून बाहेर आलेला व पृष्ठभागावर पसरून लवकर थंड झालेला लाव्हारस होय. लवकर थिजल्यामुळे त्यातील स्फटिक नुसत्या डोळ्यांस बहुधा दिसत नाहीत. ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी आहे. तो जमिनीच्या पोटात, फार खोलवर, अत्यंत सावकाश थंड झाला. म्हणून त्यात स्फटिकांस वाढण्यास अवसर मिळाला. झाशीच्या खडकाचा ताजा तुकडा हातात घेतला तर काचेसारखे चमकणारे क्वार्ट्झ, गुलाबी किंवा पांढरे फेल्स्पार आणि काळ्या खनिजांचे ठिपके सहज ओळखता येतात. खडकाचा गुलाबी रंग फेल्स्पारमुळे आलेला असतो.

दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे जवळजवळ अडतीस पट जुना. त्याच्यावरचे थर वारा, पाणी आणि ऊन यांनी कोट्यवधी वर्षांत झिजवून नेले, तेव्हा कोठे तो उघडा पडला. उघडा पडल्यावर त्यावरील भार नाहीसा होऊन त्यात भेगा पडल्या. भेगांत पाणी शिरले, कोपरे कुजून झडले आणि चौकोनी ठोकळ्यांच्या गोल शिळा झाल्या. माळावर दिसणाऱ्या रचलेल्या शिळा या मनुष्याने रचलेल्या नसून निसर्गाने कोरलेल्या आहेत.

या प्रदेशात दुसरीही एक खूण आढळते. ग्रॅनाइटच्या लांबच लांब भेगांत पुढे क्वार्ट्झ भरला. तो ग्रॅनाइटपेक्षाही चिवट असल्यामुळे आजूबाजूचा खडक झिजला, पण क्वार्ट्झच्या भिंती डोंगरांच्या अरुंद ओळींसारख्या उभ्या राहिल्या. त्या बहुतेक नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे धावतात. चंदेल व बुंदेले राजांनी या ओळींचा मोठ्या चतुराईने उपयोग केला. जेथे अशा दोन टेकड्यांमधून ओढा वाहत होता तेथे बांध घालून त्यांनी तलाव केले. झाशीपासून जवळच असलेला बरवासागर तलाव ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविला. ग्रॅनाइटमध्ये पाणी सहज मुरत नाही. त्यामुळे या मुलुखात साठविलेले पाणी हाच जीवनाचा आधार होता. किल्ला, गाव आणि तलाव ही तिन्ही येथे एकाच खडकाची अपत्ये आहेत.

बुंदेल्यांचा किल्ला आणि मराठ्यांची भर

ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव बुंदेला याने १६१३ मध्ये हा किल्ला बांधला. वीरसिंहदेव हा जहांगीर बादशहाचा स्नेही होता. जहांगीर अद्याप राजपुत्र असताना त्याच्या सांगण्यावरून १६०२ मध्ये अबुल फजलचा वध वीरसिंहदेवानेच केला होता. झाशीच्या नावाविषयी एक दंतकथा सांगतात. राजा आपल्या पाहुण्यास ओरछ्याहून दूरचा नवा किल्ला दाखवू लागला, तेव्हा पाहुणा म्हणाला की, छायेसारखे काहीतरी, म्हणजे ‘झाईं-सी’, दिसते आहे. ही कथा खरी असो वा नसो, उन्हाळ्याच्या धुळीतून किल्ल्याकडे पाहणाऱ्यास ती पटते. गावाचे जुने नाव बलवंतनगर असे होते.

मराठ्यांचा संबंध पुढील शतकात आला. १७२९ मध्ये छत्रसाल बुंदेल्याच्या साहाय्यास थोरले बाजीराव पेशवे धावून गेले व त्यामुळे बुंदेलखंडात पेशव्यांस मोठा वाटा मिळाला. १७४२ च्या सुमारास नारो शंकर हा झाशीचा सुभेदार झाला. नाशिकच्या पंचवटीतील नारोशंकराचे मंदिर आणि त्यावरील मोठी घंटा अनेकांनी पाहिली असेल. तोच हा नारो शंकर. मालेगावचा भुईकोट किल्लाही त्याचाच. झाशीत त्याने किल्ल्याचा विस्तार केला. वाढविलेल्या भागास शंकरगढ असे नाव पडले. ओरछ्याकडचे लोक व दक्षिणेतून आलेली कुटुंबे यांची वस्ती किल्ल्याच्या पायथ्याशी होऊन गावाचे शहर झाले.

आता किल्ल्यात जाऊ. किल्ल्याची जमीन सुमारे १५ एकर आहे. आत शिरताच गणेशाचे मंदिर लागते. पुढे शंकराचे मंदिर आहे. ही दोन्ही मराठ्यांच्या काळातील. पंचमहाल ही इमारत बुंदेल्यांच्या वेळची असून इंग्रजी अमदानीत तिच्यात फेरफार झाले. प्रवेशाजवळ ‘कडक बिजली’ आणि बुरुजावर ‘भवानीशंकर’ या तोफा आहेत. आवारातच गोलंदाज गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी आहेत. मराठी राणी, पठाण गोलंदाज आणि बुंदेली रयत यांनी एकत्र लढविलेला हा किल्ला आहे, हे त्या कबरी मुकेपणाने सांगतात.

तटाजवळ उभे राहून त्याची जाडी पाहावी. पाच ते सहा मीटर जाडीची ही भिंत ग्रॅनाइटचे चिरे व चुना यांची आहे. ग्रॅनाइट टाकीस दाद देत नाही. म्हणून पाथरवट तो घडविण्यापूर्वी फोडतो. दगडाच्या अंगात ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी बसवितात आणि क्रमाक्रमाने ठोकतात; मग दगड त्या ओळीने दुभंगतो. अशा भोकांच्या खुणा जुन्या चिऱ्यांच्या कडेस शोधाव्यात. दोन चिऱ्यांमधील चुन्याचीही एक रीत आहे. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिच्यातील वायू निघून जातो व कळीचा चुना राहतो. तो पाण्यात विरवून, वाळू मिसळून, घाणीत मळतात. भिंतीत घातल्यावर हा चुना हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू पूर्ववत दगड होतो. जुन्या तटाचा चुना वर्षे लोटतील तसा कठीण होत गेला, याचे कारण हेच.

भिंत कोणासाठी बांधली?

कुस्कोच्या भिंती पाहून परतलेला प्रवासी एका गोष्टीचे वर्णन हटकून करतो. तेथे चुना नाही. दगडास दगड असा भिडला आहे की सांध्यात पाते घालणे कठीण. हातुन रुमियोक नावाच्या गल्लीत एक दगड आहे. त्यास बारा कोन असून प्रत्येक कोन शेजारच्या दगडात बरोबर बसलेला आहे. इंकांजवळ लोखंड नव्हते. ते कठीण दगडांच्या गोट्यांनी चिरे ठोकून ठोकून घडवीत. अमेरिकेतील वास्तुशास्त्रज्ञ झां-पिएर प्रोत्सेन यांनी अशाच गोट्यांनी स्वतः दगड घडवून पाहिला आणि ही रीत शक्य आहे हे दाखवून दिले. शहरावरील साक्सायवामान या गढीत तर शंभर टनांहून अधिक वजनाच्या शिळा अशाच एकमेकींत बसविल्या आहेत.

इतका खटाटोप कशासाठी? पेरूच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाचा एक प्रचंड थर दक्षिण अमेरिकेच्या खाली सरकत आहे. त्यामुळे अँडीज पर्वत उंचावला आणि त्यामुळेच तेथे भूकंप होतात. इंकांच्या भिंती आतल्या बाजूस किंचित कललेल्या असतात. दारे व खिडक्या वर अरुंद आणि खाली रुंद असतात. दगडांचे सांधे वाकडेतिकडे असतात. जमीन हादरली की असे दगड थोडे हलतात आणि पुन्हा आपल्या जागी बसतात. याची परीक्षा वारंवार झाली. इंकांच्या सूर्यमंदिरावर, म्हणजे कोरिकांचावर, स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ व चर्च बांधले होते. १६५० च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले. २१ मे १९५० रोजी पुन्हा मोठा भूकंप झाला आणि चर्चची पडझड होऊन आतील इंकांच्या भिंती उघड्या पडल्या. भिंती उभ्याच होत्या. त्यानंतर युनेस्कोने तज्ज्ञांचे एक मंडळ तेथे पाठविले. दुरुस्ती करताना चर्च पूर्वीप्रमाणे सर्व झाकून टाकावे की उघडी पडलेली भिंत दिसू द्यावी, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी मंदिराचा बराच भाग उघडा ठेवण्यात आला. आज तेथे जाणाऱ्यास मंदिर व मठ दोन्ही एकाच अंगणात पाहता येतात.

बुंदेलखंडाची भूमी पुरातन व स्थिर आहे. तेथील राजास जमिनीच्या हादऱ्याचे तितके भय नव्हते. त्यास तोफेचे भय होते. म्हणून झाशीची भिंत जाड केली, चुन्याने एकजीव केली, तिला गोलसर बुरूज दिले आणि मारा करण्यासाठी छिद्रे ठेवली. तेव्हा कोणतीही जुनी भिंत पाहताना हा प्रश्न विचारावा : ही भिंत कोणत्या शत्रूसाठी बांधली? कुस्कोच्या भिंतीचा शत्रू भूकंप होता, झाशीच्या भिंतीचा शत्रू तोफ होती. आणि गंमत अशी की, दोन्ही भिंती आपापल्या शत्रूसमोर बव्हंशी टिकल्या. शहरे मात्र टिकली नाहीत.

शहराचा तट आणि १८५८ चा वेढा

किल्ल्यातून खाली उतरले म्हणजे जुने शहर लागते. नारो शंकरानंतर काही वर्षांनी झाशीची सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली. हे घराणे मूळचे कोकणातील रत्नागिरी भागाचे. पुढे ते खानदेशात पारोळ्यास आले. यांपैकी शिवरावभाऊंच्या कारकीर्दीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी, शहराभोवती तट उभा राहिला. त्यास खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, सागर, लक्ष्मी, भांडेर अशा नावांचे दरवाजे होते. दरवाजांची नावे वाचली तरी कोणता रस्ता कोठे जात होता याचा नकाशा तयार होतो.

१८५८ मध्ये वेढा घालणारा सेनापती सर ह्यू रोज याने आपल्या अहवालात या तटाची मापे दिली आहेत. तटाचा घेर साडेचार मैल, म्हणजे सुमारे सात किलोमीटर. जाडी ६ ते १२ फूट. उंची १८ ते ३० फूट. किल्ल्याच्या भिंतीची जाडी त्याने १६ ते २० फूट सांगितली आहे. शत्रूने इतक्या बारकाईने केलेली मोजणी हीच बांधणाऱ्यास दिलेली पावती होय.

वेढ्याची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. त्यांनी दत्तक घेतलेल्या मुलाचा हक्क नाकारून लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. राणी किल्ला सोडून शहरातील वाड्यात राहू लागली. जून १८५७ मध्ये झाशीच्या पलटणींनी उठाव केला. किल्ल्यात आश्रय घेतलेले सुमारे साठ युरोपीय पुरुष, स्त्रिया व मुले बाहेर आल्यावर ८ जून रोजी जोखनबागेत मारली गेली. या हत्येचा सूड इंग्रजांच्या मनात होता. मार्च १८५८ मध्ये रोज झाशीपुढे आला. तात्या टोपे मोठी फौज घेऊन मदतीस धावले. परंतु १ एप्रिल रोजी बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. तोफा भरण्याच्या व दारूगोळा पोहोचविण्याच्या कामी तटावर स्त्रिया दिसत होत्या, असे खुद्द इंग्रजांनी लिहून ठेवले आहे.

३ एप्रिल रोजी दक्षिणेकडील तटास पडलेल्या खिंडारातून व शिड्या लावून इंग्रजी फौज शहरात शिरली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, तोफांनी मोडला तो शहराचा तट; किल्ला मोडला नाही. पुढच्या रात्री राणी थोड्या स्वारांनिशी काल्पीकडे निघून गेली. किल्ल्यावर दाखवितात ती उडीची जागा लोकांच्या श्रद्धेची आहे. इतिहासकार बहुधा शहराच्या भांडेर दरवाजाचा निर्देश करतात. राणी गेल्यावर रिकामा किल्ला इंग्रजांच्या हाती आला. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना ती पडली.

आज त्या तटाचे सलग दर्शन होत नाही. काही दरवाजे उभे आहेत, काही ठिकाणी घरांच्या पाठीमागे तटाचा तुकडा डोकावतो, काही ठिकाणी चिरे नव्या भिंतींत गेले आहेत. कुस्कोमध्येही लोक इंकांच्या भिंतींस टेकून दुकाने मांडतात. तेथील तो बारा कोनांचा दगड फेब्रुवारी २०२५ मध्ये एका माणसाने हातोडीने घाव घालून दुखावला. भूकंपांना न जुमानणाऱ्या दगडाचे रक्षण माणसापासून करावे लागते.

राणीमहाल आणि जळालेले ग्रंथालय

शहराच्या मध्यभागी राणीमहाल आहे. हा दुमजली वाडा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथराव नेवाळकरांनी बांधला. मध्ये चौक, भोवती दालने, आणि दरबाराच्या दालनात भिंतींवर व छतावर फुले, वेली, पशू, पक्षी यांची रंगीत चित्रे. संस्थान खालसा झाल्यावर राणी येथेच राहत होती. १८५८ च्या लुटीत वाड्याची पुष्कळ हानी झाली. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली असून त्यात बरवासागर, दुधई, चांदपूर इत्यादी ठिकाणांहून आणलेली नवव्या ते बाराव्या शतकांतील शिल्पे ठेवली आहेत. मराठ्यांच्या वाड्यात प्रतिहार व चंदेल काळातील मूर्ती! थरांच्या शहराचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

परंतु या वाड्याजवळ उभे राहिल्यावर, जे दिसत नाही त्याचाही विचार केला पाहिजे. झाशी दरबाराचे मोठे ग्रंथालय होते. त्यात हस्तलिखित पोथ्यांचा फार मोठा संग्रह होता. शहर पडल्यानंतरच्या दिवसांत हजारो माणसे मारली गेली, घरे लुटली गेली आणि हे ग्रंथालयही नष्ट झाले. पोथ्या बाहेर फेकल्या गेल्या, त्यांचे रुमाल लुटले गेले, पाने इतस्ततः उडाली. सोळा फूट जाडीच्या भिंतीस जे रक्षिता आले नाही ते हेच होते. तट दगडाचा होता, तो उरला. ग्रंथ कागदाचे होते, ते गेले. आणि गेलेल्या ग्रंथांत काय होते, हे सांगणारी यादीही त्यांच्याबरोबरच गेली.

कुस्कोची कथा येथेही समांतर जाते. इंकांजवळ लिपी नव्हती. परंतु रंगीत दोऱ्यांना विशिष्ट अंतरावर गाठी मारून ते हिशेब व नोंदी ठेवीत. या दोऱ्यांच्या गुच्छास किपू म्हणतात. १५८३ मध्ये लिमा येथील धर्मसभेने मूर्तिपूजेस साहाय्यक म्हणून किपू जाळण्याची आज्ञा केली. जगातील संग्रहालयांत आज जे किपू उरले आहेत त्यांतील संख्या पुष्कळशा वाचता येतात. परंतु त्यांत कथा किंवा इतिहासही होता की काय, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

दोन साक्षीदार

झाशीच्या ग्रंथालयाच्या अंताची वार्ता मग आपणांस कशी समजली? ती मुख्यतः एका गरीब याज्ञिक ब्राह्मणामुळे समजली. कोकणातील पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे १८५७ मध्ये आपल्या चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, एवढीच त्यांची आशा होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला. फिरत फिरत ते झाशीत पोहोचले आणि वेढ्यात अडकले. शहर पडल्यावर ते लपून राहिले आणि कसेबसे जीव वाचवून निघाले. अखेर द्रव्य नव्हे, तर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते घरी परतले.

पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी आपली हकीकत लिहिली. काळ परकीय सत्तेचा होता. त्यामुळे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक लेखक हयात असेपर्यंत निघाले नाही; ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. राणीची दिनचर्या, शहरातील वस्ती, वेढ्यातील रात्री आणि त्यानंतरचा संहार, हे सर्व त्यात आहे. सेनापतीने तटाची जाडी मोजली. या भिक्षुकाने तटाच्या आत काय होते ते सांगितले.

कुस्कोलाही असा एक साक्षीदार लाभला. गार्सिलासो दे ला व्हेगा याचा जन्म १५३९ मध्ये कुस्कोत झाला. त्याचा बाप स्पॅनिश सरदार आणि आई इंका राजघराण्यातील होती. १५६० मध्ये तो स्पेनला गेला व पुन्हा कधीही परतला नाही. आजोळच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला इंकांचा इतिहास व बालपणी पाहिलेले शहर त्याने म्हातारपणी लिहून काढले. तो ग्रंथ १६०९ मध्ये प्रसिद्ध झाला. १७८० मध्ये तुपाक आमारू याने पेरूत स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड केले. त्यास पुढील वर्षी कुस्कोच्या चौकात देहान्त शिक्षा झाली. त्यानंतर सरकारने गार्सिलासोच्या ग्रंथावर पेरूत बंदी घातली. किल्ले जिंकणाऱ्या सत्तेस एका मृत म्हाताऱ्याच्या आठवणींचे भय वाटले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दोघांच्याही लिखाणात चुका असतील. वर्षांनंतर आठवून लिहिलेल्या मजकुरात त्या होतातच, आणि इतर साधनांशी ताडून पाहणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. परंतु त्या दोघांनी लेखणी उचलली नसती तर ताडून पाहण्यास दुसरी बाजूच उरली नसती.

तलाव, छत्री आणि आगगाडी

लक्ष्मी दरवाजाच्या बाहेर लक्ष्मी तलाव व महालक्ष्मीचे मंदिर आहे. महालक्ष्मी हे नेवाळकरांचे कुलदैवत. जवळच गंगाधररावांची छत्री असून ती राणीने बांधविली. राजवाड्याच्या थाटापेक्षा या छत्रीचे शांत आवार अधिक काळ मनात राहते. शहरातील ज्या गणेशमंदिरात १८४२ मध्ये राणीचा विवाह झाला असे सांगतात तेही अवश्य पाहावे. ‘दख्खिनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीच्या खुणा येथे सापडतात.

इंग्रजी थर पाहण्यास निराळे श्रम नकोत. आपण ज्या स्थानकावर उतरलो तेथेच तो सुरू होतो. १८५८ नंतर जुने शहर व किल्ला १८६१ मध्ये शिंद्यांकडे गेला. इंग्रजांनी शेजारी ‘झाशी नौआबाद’ हे आपले ठाणे ठेवले. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांस देऊन त्याच्या बदल्यात इंग्रजांनी झाशी परत घेतली. लोहमार्गाचे मोठे जंक्शन व कारखाना आल्यावर शहराचा गुरुत्वमध्य किल्ल्याकडून स्थानकाकडे सरकला. पूर्वीचे रस्ते दरवाजांकडे धावत; नवे रस्ते रुळांकडे धावू लागले. आज या स्थानकास ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असे नाव आहे. इंग्रजांनी घातलेल्या रुळांवर, त्यांच्याशी लढलेल्या राणीच्या नावाची पाटी! शहर आपला इतिहास असाही लिहीत असते.

वेळ असल्यास ओरछ्यास जावे. ते सुमारे अठरा किलोमीटरवर, बेतवेच्या काठी आहे. झाशीचा पहिला थर घालणारा वीरसिंहदेव त्याच्या राजधानीत पाहिल्यावाचून झाशीचे दर्शन अपुरे राहते.

पाहणाऱ्याने काय करावे

झाशीस ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत जावे. मे व जूनमध्ये उष्णता ४५ अंशांच्या वर जाते आणि तापलेला ग्रॅनाइट रात्रीही ऊब सोडत राहतो. विद्यार्थ्यांनी जाताना एक वही न्यावी आणि तिच्या पानाचे चार रकाने करावेत : बुंदेले, मराठे, इंग्रज, आजचे. जे जे दिसेल ते योग्य रकान्यात लिहावे. जेथे एकच वस्तू दोन रकान्यांत घालावी लागेल तेथे थांबून अधिक निरखावे. पाचवाही एक रकाना ठेवावा. त्यात आता जे नाही, पण एकदा होते, ते लिहावे. त्याच्या पहिल्या ओळीत ग्रंथालय येईल.

तसेच, निघण्यापूर्वी आपल्या गावच्या ग्रंथालयातून गोडसे भटजींचे पुस्तक काढून वाचावे. ते सोबत असले म्हणजे गल्ल्या बोलू लागतात. आणि परतल्यावर ते जपून परत करावे. गावोगावच्या कपाटांतून जुनी दप्तरे, पोथ्या, रोजनिश्या, पत्रे अद्याप पडून आहेत. त्यांस आग लावण्यास कोणी फौज येणार नाही. वाळवी, ओल आणि आपली उदासीनता पुरेशी आहे. घरात असा कागद असेल तर तो कोरड्या जागी ठेवावा, त्याची नक्कल करावी आणि जाणत्या संस्थेस दाखवावा. झाशीचा तट आपल्यावाचूनही पुष्कळ वर्षे उभा राहील. कागदाचे तसे नाही.